सासरेबुवांच्या वॉटर स्कूटरची धार

जावईबापूंनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं की जुनी वॉटर स्कूटर दुपारच्या जेवणाआधी सुरू होणार म्हणजे होणार! "खोट शोधणं हा माझा धंदाच आहे, बाबा," ते सासऱ्यांना म्हणाले. हे खरं होतं, पण अर्धंच. जावईबापू विमा कंपनीत होते आणि लोकांनी भरलेल्या कागदांतली खोट शोधायचे. यंत्राशी त्यांचा संबंध म्हणाल तर ऑफिसातल्या पंख्याचं बटण, आणि तेही शिपाईच दाबायचा.

सासरेबुवांनी कपातून मान वर काढली नाही. तळ्यावर होड्या भाड्याने देण्यात त्यांची उभी हयात गेलेली. धंदा आवरला, होड्या विकल्या, ही एक वॉटर स्कूटर तेवढी जिवापाड जपून ठेवली. आणि गेल्या महिन्यात तीही तळ्याच्या मधोमध तापली, धोक्याचा भोंगा वाजवत काळा धूर ओकली आणि बसली. मेकॅनिकने हात टेकले. आज संध्याकाळी भंगारवाला तिला न्यायला येणार होता. सासरेबुवा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते, पण काल त्यांनी तिला दुपारभर पुसून लख्ख केली होती. भंगारात जाणाऱ्या वस्तूला कोण हो पुसतं?

ती वाचावी असं जावईबापूंना मनापासून वाटत होतं. पण पोटात आणखीही एक गोष्ट होती. लग्न झाल्यापासून सासरेबुवांनी त्यांना या घरात साधा बल्ब बदलू दिला नव्हता. "तुम्ही बसा," एवढंच. मान होता, नाही असं नाही. पण ज्याला मान देतात त्याच्या हाती पाना देत नाहीत. जावईबापूंना एकदा तरी पाना हवा होता.

आठवडाभर व्हिडिओ बघून ते तयारीने आले होते. ही स्कूटर म्हणे तळ्याचंच पाणी पिते, त्यावर इंजिन आणि सायलेन्सर थंड ठेवते आणि पाणी बाहेर टाकते. पाणी नीट फिरतंय की नाही, हे कुशीला असलेल्या बारीक भोकातून पडणाऱ्या धारेवरून कळतं. धार आहे तोवर जीव आहे. जमिनीवर तपासायचं तर बागेचा पाइप जोडायचा, पण क्रम पाळून! आधी इंजिन, मग पाणी. उलट केलंत तर पाणी सायलेन्सरमधून थेट इंजिनात शिरतं.

स्कूटर मागच्या शेडमध्ये, नळ घराच्या पार दुसऱ्या अंगाला, धुण्याच्या दगडापाशी, न्हाणीघराच्या पाण्याच्या चावीशेजारी. पाइप घराला वळसा घालून आणला. नळावर बायकोला उभं केलं. सासरेबुवा हाताची घडी घालून बघत राहिले.

इंजिन धडधडलं. जावईबापूंनी "पाणी!" अशी आरोळी ठोकली. बायकोने नळ सोडला आणि गंमत बघायला धावत शेडमध्ये आली. कुशीतून धार पडली. जावईबापूंनी विजयी चेहऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं, तेवढ्यात धार बारीक झाली, ठिबकली आणि आटली. भोंगा बोंबलायला लागला. त्यांनी घाईघाईने इंजिन बंद केलं.

"भोक बुजलंय," जावईबापूंनी निदान केलं. बायकोची हेअरपिन मागवली, भोक कोरलं. मग भोकाला तोंड लावून असा काही जोर लावला की आत साठलेलं तांबडं पाणी दुसऱ्या नळीतून उडून सासरेबुवांच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. सासरेबुवा फक्त एक पाऊल मागे सरकले.

पुन्हा इंजिन, पुन्हा आरोळी, पुन्हा धार, आणि पुन्हा ठणठणगोपाळ! एव्हाना शेजारचे रिटायर्ड डॉक्टर कुंपणावर रेलले होते. धार बारीक, थांबत थांबत येते, हे ऐकून ते म्हणाले की या वयात असं व्हायचंच, मनाला लावून घेऊ नका. हे ते स्कूटरबद्दल बोलले की आपल्याबद्दल, या विचाराने सासरेबुवा बराच वेळ त्यांच्याकडे रोखून बघत होते.

मग जावईबापूंनी सायलेन्सर खोलला. आणि काय सांगावं, आत उंदराचं अख्खं घर! कागदाचे कपटे, सुतळी, आणि गादी म्हणून सासरेबुवांचा हरवलेला मोजा.

"हाच तो मोजा!" सासरेबुवा पहिल्यांदाच वाकून जवळ आले. सायलेन्सर परत बसवताना त्यांनी पान्यासाठी हात पुढे केला, थबकले आणि म्हणाले, "राहू दे. तुमच्याच हाती असू दे." जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. धूर नाही, आवाज गोड, धार बोटाएवढी! बायकोने टाळ्या वाजवल्या, डॉक्टरही खूश. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धार आटली. या खेपेला आनंदाच्या भरात भोंग्याकडे लक्ष जायला उशीर झाला. जळक्या रबराचा वास सुटला आणि सायलेन्सरची नळी मेणासारखी लोंबली.

सासरेबुवांनी स्कूटरच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू द्या," ते म्हणाले. "म्हातारी झाली. येऊ दे त्या भंगारवाल्याला."

जावईबापू जरा बाजूला जाऊन उभे राहिले. ऑफिसात एखादं प्रकरण सुटेनासं झालं की ते कागद जिथून निघाला तिथवर मागे जात. इथे कागद नव्हता, पण पाइप होता. ते पाइपाच्या कडेकडेने निघाले, घराला वळसा घातला आणि जागीच खिळले.

सासूबाई दोन्ही हातांनी नळ आवळत होत्या.

"सकाळपासून तिसऱ्यांदा बंद करतेय," त्या म्हणाल्या. "इथे चिटपाखरू नाही आणि नळ आपला धो धो. कोण टाकून जातं उघडा? तुम्ही?"

"हो... मीच असेन," जावईबापू म्हणाले. सासूबाईंसमोर दुसरं काय म्हणणार? बायको प्रत्येक वेळी बंद नळ उघडून येत होती. तो बंद कोणी केला, हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "जळलं वाटतं यांचं धूड. वाचवा हो काहीतरी करून. ते गेलं की हे दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांना लेबलं लावतील."

ते तुमच्याच हातून जळलं, हे आता यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? जावईबापू परतले आणि मान खाली घालून सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, स्कूटर ठणठणीत आहे. चूक माझी. मी नळ नीट उघडा ठेवला नाही."

सासरेबुवा काही बोलणार, इतक्यात घराच्या पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मी बंद केलाय बरं का! पुन्हा कोणी उघडा टाकलात तर बघा!"

सासरेबुवांनी जावयाकडे नीट निरखून पाहिलं. मग शेजारी जागा करून दिली आणि नळी काढायला सांगितलं. भंगारवाल्याला नको म्हणून कळवू, नवी नळी टाकू आणि उद्या दोघं मिळून तिला थेट तळ्यावर नेऊ, तिथे नळ नाही, असं सगळं त्यांनी एका दमात ठरवून टाकलं. जावईबापू पाना फिरवू लागले. उलटा फिरवत होते, पण सासरेबुवांचं लक्षच नव्हतं. ते मान वर करून घराच्या गच्चीकडे बघत होते. तिथे पाण्याच्या तीन मोठाल्या टाक्या ओळीने उभ्या होत्या.

"लग्न झाल्यापासून," ते खालच्या आवाजात म्हणाले, "अंगाला साबण लावला की माझं पाणी जातं. टाकी संपली समजून मी आपला टाक्या वाढवत बसलो."