रिजेक्टतात्यांचं मऊ बिस्कीट

"पट्टा काढ रे, पट्टा काढ आधी. माज्या गिरणीत यानी तेलाची विहीर खणलीय."

गिरणीवाला काशिनाथ ओरडत होता. दिवाळी चार दिवसांवर आलेली, सापगावात चालू गिरणी ती एकच, आणि भाजणीचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुन्हा गिरणीच्याच मागच्या दाराशी आलेली. त्या रांगेत आमच्या घरचा डबा घेऊन मी उभा होतो, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गिरणीने आधी घरघर केली, मग गुरगुर केली आणि शेवटी असा एक आवाज काढला की डोळखांबच्या रानातल्या बिबट्याने म्हणे त्याच दिवशी आपली हद्द बदलली. पीठ यायचं त्या तोंडातून पिवळट, ओलसर, भिजल्या साबणासारखा एक गोळा बाहेर आला आणि गिरणी थांबली.

या गोंधळात एकच माणूस शांत होता. गजाननतात्या. त्यांनी तो गोळा बोटावर घेतला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "रिजेक्ट."

"काय रिजेक्ट? बदाम का माजी गिरणी?"

"दोन्ही. दगड गरम झाला तुजा. बदाम हाय तो, तांदूळ नाय."

"मंग हितं कशाला आणलात?"

"गिरणी तुज्याकडंच हाय ना."

मागून कोणीतरी विचारलं, "तात्या, आता आमची भाजणी काय तुमच्या अंगठ्याखाली दळू?" तात्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आपल्या पिशवीत उरलेले सोललेले बदाम मोजत होते.

खरं तर काशिनाथने त्यांना बदाम टाकू दिले हीच त्याची चूक. कारण त्याआधी अर्धा तास तात्या बादली आणि घासणी घेऊन गिरणीचे दगड धुवायला बसले होते. म्हणे आत गव्हाचा कण राहता कामा नये. दगड धुतले तर गिरणी महिनाभर उन्हात ठेवावी लागेल, असं काशिनाथने हातापाया पडून सांगितलं, तेव्हा आतला गहू निघून जावा म्हणून तात्यांनी पायलीभर तांदूळ दळून घेतले आणि ते पीठ रांगेतल्या पहिल्या बाईला देऊन टाकलं. मग बदाम. गिरणी साफ करायला काशिनाथला अख्खा दिवस लागला. त्या दिवाळीत सापगावच्या चकल्यांना बदामाचा वास होता. तक्रार कोणी केली नाही. आमच्याकडे तर नेहमीपेक्षा चार जास्त खाल्ल्या गेल्या.

तात्यांना गाव रिजेक्टतात्या म्हणतं. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बोल्ट तपासले. हातात जाडी मोजायची मापाची कैची, शेजारी दोन खोकी, एक पासचं, एक रिजेक्टचं. लोक सांगतात, तात्यांचं रिजेक्टचं खोकं भरायचं आणि ते उचलायला क्रेन यायची, आणि मग तात्या क्रेनचा बोल्ट तपासायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना मनगटी घड्याळ दिलं. टाळ्या चालू असतानाच तात्यांनी ते कानाला लावलं आणि माईकवर सांगितलं, "दोन सेकंद मागं हाय."

नोकरी संपली, तपासणी संपली नाही. लग्नात वरण हलवून बघतील आणि म्हणतील, रिजेक्ट. नव्या घराच्या वास्तुशांतीला दाराची चौकट अंगठ्याने दाबतील आणि म्हणतील, रिजेक्ट. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी न तपासता घेतली, ती म्हणजे त्यांची बायको, सुमनकाकी. "त्या दिवशी लाईट गेलती म्हणून," असं काकी सांगतात.

त्यांची दुसरी खोड जास्त अवघड. तात्या कोणाला काही खायला देतात तेव्हा समोर बसतात. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर तुमच्या जबड्यावर. घास गळ्याखाली उतरेपर्यंत माणूस पापणी हलवत नाही. मी एकदा त्यांच्या घरी कच्ची कैरी खाल्ली. आंबटपणाने माझ्या कानातून वारं गेलं, पण समोर ते डोळे. पाची फोडी संपवल्या आणि वर म्हणालो, "झकास." सापगावात तात्यांच्या हातचं खाऊन कोणी आजवर खरं बोललेलं नाही.

असा हा माणूस पावसाळ्याच्या सुरुवातीला एकाएकी बिस्किटं भाजायला लागला. तीही गव्हाशिवाय, मैद्याशिवाय, बदामाच्या पिठाची. आणि मऊ. कुरकुरीत नव्हे, मऊ. आमच्या भागात गव्हावाचून कोणाचं अडत नाही. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, पुन्हा तांदळाची भाकरी, असं आमचं चाललेलं असतं. त्यामुळे गहू टाळण्यासाठी माणूस बदाम सोलत बसलेला पाहून गावाने आपापले अंदाज बांधले. कोणी म्हणालं, तात्या दुबईला माल पाठवणार. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. मी सरळ विचारलं.

"भाऊबीजेच्या आत पास व्हायला पायजे, पंढरी."

"कशाला?"

"डिलिव्हरी हाय."

एवढंच. भट्टी त्यांनी स्वतः बनवली. भंगारातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण, आत विटा, बुडाशी निखारे, दाराला कोयंडा. काकींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की साधं पातेलं, तळाला मीठ आणि वर झाकण, एवढ्यात काम होतं. पातेलं रिजेक्ट झालं.

पहिली बिस्किटं तांदळाच्या पिठाची केली होती. त्यातलं एक कुत्र्याला टाकलं. त्याने ते तोंडात धरलं, विचार केला आणि नेऊन पेरूखाली पुरलं. अजून उगवलेलं नाही. मग बदाम आला. बदाम गरम पाण्यातून काढून सोलायचा, दोन दिवस वाळवायचा, दळायचा. पावसाळाभर पाट्यावर वाटून पाहिलं, मग गिरणी, आणि गिरणीच्या प्रकरणानंतर काकींचा मिक्सर जप्त झाला. दोन सेकंद चालू, दहा सेकंद बंद, म्हणजे तेल सुटत नाही. तात्या समोर तेच निवृत्तीचं घड्याळ ठेवून बसायचे आणि दर वेळी त्यात दोन सेकंद मिळवायचे. पीठ मग चाळणीने चाळून घ्यायचं. त्यात तूप, किसलेला गूळ, चमचाभर दूध, चिमूटभर सोडा. अंडं नाही. "अंडं चालणार नाय," तात्या म्हणाले, "माळ हाय गळ्यात." तात्यांच्या गळ्यात माळ नव्हती.

पीठ जमलं, पण बिस्कीट जमेना. कधी कौलासारखं कडक, कधी उचललं की भुगा. मी शेजारी असल्यामुळे दोन्ही प्रकार मला खावे लागले, ते डोळे समोर असताना. कडक बिस्कीट खाताना माझी दाढ हलली, भुग्याने ठसका लागला, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, झकास. तात्या तेवढ्याने फसणारे नव्हते. त्यांची कसोटी एकच होती. अंगठा दाबला की आत गेला पाहिजे आणि उचलला की खड्डा हळूहळू भरून आला पाहिजे. "आतून जिवंत पायजे," ते म्हणायचे, "पण तुटता कामा नये."

दोष कुठे होता ते अख्ख्या आळीला दिसत होतं. तात्या भट्टीचं दार मिनिटाला दोनदा उघडायचे आणि प्रत्येक बिस्किटाला अंगठा लावायचे. आतली धग जायची, निखारे वाढवले की बूड जळायचं, आणि प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध एक खळगा. आधार कार्डाच्या कचेरीत ती बिस्किटं नेली असती तर तात्यांची ओळख पटली असती.

"अवो, दार लावून ठेवा की," काकी म्हणायच्या. "बोल्ट हायत काय ते?"

"न तपासता कसं कळणार?"

"भाकरीला मी तपासते काय?"

"म्हणून त्या रिजेक्ट होतात."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ताट भट्टीत गेलं आणि त्याच क्षणी कोणाचीतरी म्हैस तात्यांच्या कापून ठेवलेल्या भातात शिरली. तात्या काठी घेऊन धावले. म्हैस नदीकडे, तात्या म्हशीमागे. विटा तापलेल्या होत्याच, काकींनी शांतपणे निखारे ओढून बाहेर काढले, कोयंडा लावला आणि रांगोळी काढायला बसल्या. दोन तासांनी तात्या आले, गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल गायब. भट्टी गार. त्यांनी दार उघडलं आणि एका बिस्किटावर अंगठा ठेवला. अंगठा आत गेला. उचलला. खड्डा भरून आला.

तात्या तसेच उकिडवे बसून राहिले. मग एक शब्द बोलले. "पास."

मी कुंपणापाशी होतो. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकला बघ."

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. भाऊबीजेला तात्यांना मोटारसायकलवरून मुरबाडला नेशील का, विचारायला. मुरबाडला तात्यांची थोरली बहीण असते. तात्या तिला बाय म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा बायनेच त्यांना वाढवलं. कारखान्यात लागल्यापासून दर शनिवारी तात्या सुट्टी झाली की वाशिंद स्टेशनाबाहेरून बिस्किटांचा पुडा घ्यायचे आणि मिळेल त्या एसटीने मुरबाड गाठायचे. निवृत्तीनंतरही शनिवार चुकला नाही. मात्र या चैत्रापासून ते गेलेच नव्हते, हे मलाही ठाऊक होतं. मला वाटलं, भावाबहिणीचं वाजलं असेल.

"वाजलं नाय रे," काकी म्हणाल्या. "बायंचं पोट दुखायचं, कित्येक वर्षं. अंगात रक्त म्हणून नाय. या चैत्रात मुरबाडला नवीन डॉक्टरीण आली, तिनं तपासलं. म्हणाली, तुमाला गहू सोसत नाय, पिठाचा कण पण नको. बाय म्हणाल्या, आमी तांदळाची माणसं, चपाती माज्या घशाखाली उतरत नाय, मी गहू खाते कुठं. डॉक्टरीण म्हणाली, बिस्कीट? तर बाय म्हणाल्या, ती दर शनिवारी माजा भाऊ आणतो."

काकींनी कुंपणापलीकडे तात्यांकडे मान केली.

"ह्ये शेजारीच बसले व्हते. त्या दिवसापास्नं गेले नायत. बहिणीकडं रिकाम्या हातानं जाववत नाय, आन् पुडा घेऊन जाववत नाय."

भाऊबीजेला निघालो. तात्या मागे बसले, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्याला दोन टॉवेल. खड्डा आला की मागून "हळू" आणि खड्डा नसला की "खड्डा येईल, हळू". किन्हवलीच्या अलीकडे आम्हाला एका बैलगाडीने मागे टाकलं. गाडीवानाने वळून विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"

बाय अंगणातच उभी होती. सत्तरीची, काटक, गळ्यात तुळशीची माळ. सात महिने का आला नाहीस वगैरे तिने काही विचारलं नाही. पाट मांडला, ओवाळलं. तात्यांनी ताटात साडी ठेवली आणि तिच्यासमोर डबा सरकवला.

"गव्हाचा कण नाय," ते म्हणाले. "मिक्सर येगळा, चाळण येगळी. अंडं पण नाय."

बायने एक बिस्कीट उचललं. दात तिला मोजून चार, पण बिस्किटाने एकही मागितला नाही. तात्या समोर बसले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर जबड्यावर. बायने ते संपवलं, दुसरं घेतलं, तेही सावकाश संपवलं, आणि पदराने तोंड पुसलं.

"पास?" तात्यांनी विचारलं.

"मऊ हाय. पास."

तात्यांनी श्वास सोडला. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाय, तुला एवढा तरास झाला तो माज्यामुळं. तुला बिस्कीट आवडतो म्हणून मी आणत रायलो."

"मला बिस्कीट कदी आवडला नाय रे, गजा."

तात्यांनी मान वर केली.

"मंग येवढी वर्षं खाल्लास कशाला गो?"

बायने डब्याचं झाकण लावलं.

"तू समोर बघत बसायचास," ती म्हणाली.