टर्बोला मानाची चादर

सोलापुरात सात रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात रेवणसिद्ध मिस्त्रीनं मांडीवर थाप मारली. "डोंगर असू दे न्हाय तर आभाळ, माजा ट्रॅक्टर चढणार म्हंजे चढणार!"

एवढं पेटायला कारणही तसंच होतं. त्याची लेक अक्कम्मा पाचगणीच्या वरच्या अंगाला, एका डोंगरगावात दिलेली. तिचे सासरे रुद्रप्पा यांनी रेवणसिद्धच्याच शब्दावर छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला होता. पण माथ्यावरच्या रानाकडं निघाला की निम्म्या चढावर तो काळा धूर ओकायचा आणि बसायचा! मग रुद्रप्पा चारचौघांत म्हणायचे, "सोलापूरकरांचा शब्द अन् त्यांचा ट्रॅक्टर, दोन्ही सपाटीवरच पळत्यात!" हे ऐकत अक्कम्मा खाली मान घालून भाकरी थापायची. आता तर निरोपच आला होता: बटाट्याच्या लावणीला ट्रॅक्टर वर गेला नाही, तर वाईच्या बाजारात विकणार. लेकीला सासरी मान खाली घालावी लागते, हे बापाला फार लागलं.

"तितं हवा पातळ हाय," त्यानं बायकोला, निंगव्वाला समजावलं. "इंजनाचा दम कोंडतोय. पर मला भंगारात बारकी टर्बो घावलीया! इंजनाच्या धुरावरच तिचा पंखा फिरतोय अन् हवा दाबून आत भरतोय. झालं काम!"

"मग जावा की. पर व्याह्यांस्नी चादर न्या," निंगव्वा म्हणाली. सोलापूरचा माणूस चादरीशिवाय पाहुणा जाईलच कसा? मोराच्या नक्षीची चांगली जाडजूड चादर बरोबर निघाली.

व्याह्यांच्या अंगणात रेवणसिद्धनं टर्बो बसवली. हवा ओढायच्या नळीचं तोंड बॉनेटच्या वर काढलं, त्याला जाळी लावली. ट्रॉलीत बियाण्याचा बटाटा भरला. सगळं गाव जमलं. रेवणसिद्धनं चादर उलगडून रुद्रप्पांपुढं धरली.

"मला कशाला? चढणार त्यो हाय, मान त्याला द्या!" रुद्रप्पांनी चादर घेतली आणि बॉनेटवर पांघरली. वर विभूती लावली, नारळ फोडला. "अन् माथ्यावर पोचल्याबगर मानाची चादर उतरवायची न्हाई बरं का!"

ट्रॅक्टर झोकात निघाला. चढ लागला. रेवणसिद्धनं रेस दाबली आणि... भक्! काळा धूर, एक आचका, इंजिन गप्प!

"बसला!" गाव एका सुरात ओरडलं.

रेवणसिद्धनं उतरून डिझेलची नळी बघितली. ठीक. पट्टा बघितला. ठीक. चादर मुकाट बॉनेटवर पडलेली. चालू केला, तर ट्रॅक्टर जागेवर गोड घुमला. रेस दाबली, की परत भक्!

"पाव्हणं, सोमवारी बाजार हाय," रुद्रप्पा मिशीतल्या मिशीत हसले. "तुमी हितं हाय तवर गिऱ्हाईक बघू."

रेवणसिद्धला दरदरून घाम फुटला. पाचगणीच्या त्या गारठ्यात! त्यानं हवेला शिव्या घातल्या, डिझेलला घातल्या, टर्बो विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी देवाचं नाव घेऊन पुन्हा रेस दाबली, तेवढ्यात समोर उभी असलेली अक्कम्मा किंचाळली, "अप्पा, चादर बघा! मोर नळीत चाललाय की!"

खरंच! रेस वाढली की टर्बो चादरीला ओढून जाळीवर गच्च चिकटवत होती. इंजिन बंद पडलं की चादर सुटून पुन्हा साळसूद! बिचारं इंजिन तोंडावर पांघरूण घेऊन डोंगर चढत होतं!

"काडा ती!" कुणीतरी म्हणालं.

"काडायची न्हाई! मान दिलाय!" रुद्रप्पा गरजले.

आता आली का पंचाईत? काढावी तर व्याह्याचा अपमान, ठेवावी तर लेकीचा! रेवणसिद्ध टुणकन खाली उतरला, चादर काढली आणि सरळ रुद्रप्पांच्या खांद्यावर घातली.

"मान उतरवत न्हाई, पाव्हणं. मालक असताना गड्यानं मान घ्यावा व्हय? बसा वर!"

रुद्रप्पा विरघळले! छाती फुगवून मडगार्डवर बसले. रेवणसिद्धनं रेस दाबली. टर्बोनं अशी शीळ घातली, की झाडावरची माकडं पळाली! ट्रॅक्टर निम्मा चढ चढला, वळण चढला, बटाट्यासकट थेट माथ्यावर! गाव मागनं पळत होतं, रुद्रप्पांची चादर वाऱ्यावर फडफडत होती आणि ते ओरडत होते, "बघा! ह्याला म्हंत्यात सोलापूरचा शब्द!"

रेवणसिद्धचे डोळे भरून आले. जिंकला गडी!

रुद्रप्पांनी तिथंच जाहीर केलं, "आता हे पडीक रान सगळं लावणार! पाटंला ट्रॅक्टर वर, दिवस मावळता खाली!"

संध्याकाळी रेवणसिद्ध ऐटीत निघाला. लेक पाया पडायला आली. "काय पोरी, ठेवला का न्हाय तुजा मान?"

"व्हय अप्पा. लई ठेवला," अक्कम्मा हळूच म्हणाली. "पर ह्या सगळ्यास्नी रोज दुपारी भाकरीची पाटी घिऊन वर कोण चढणार? मीच की! तेवडी टर्बो का काय ती, मलाबी एक बसवून द्या!"