जवळचं पटत नाही

"आधीची बरी की आताची?" नंबरवाल्यांनी विचारलं.

"दोन्हींत खोट आहे," खुर्चीतल्या ताई म्हणाल्या. "तिसरी दाखवा."

चष्म्याच्या दुकानाची मागची खोली अंधारी असते आणि तिथे बसलेल्या माणसाला हा एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं. लोक गोंधळतात, उगाच लाजतात, नापास होऊ या भीतीने खोटंही सांगतात. नंबरवाल्यांना ते आवाजावरून कळतं. पुढच्या काउंटरवर बसून चष्म्यांचे स्क्रू पिळणाऱ्या त्यांच्या बायकोलाही आता कळू लागलं होतं. ताई म्हणजे त्या बायकोची मोठी बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पण ते शाळेला कळलं होतं, ताईंना नव्हतं.

तेवढ्यात नंबरवाल्यांचा फोन वाजला. त्या फोनवर काय बोलणं झालं ते सांगण्याआधी त्यांचं दुखणं सांगितलं पाहिजे.

नंबरवाले दर रविवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जोडीने गोल्फ खेळत. या खेळात चेंडू शेवटच्या हिरवळीवर पोचला की त्याला बडवायचं नसतं, हलकेच ढकलून भोकात घालायचं असतं. या ढकलण्याला पट म्हणतात आणि ज्याने ढकलतात त्या काठीला पटर. चेंडू आत गेला की या क्लबातले सभासद "पटलं!" म्हणत आणि राहिला की "नाही पटलं." हा विनोद डॉक्टरांनी काढला होता, आणि डॉक्टर क्लबाचे अध्यक्ष असल्यामुळे तो टिकला.

नंबरवाल्यांचं लांबचं फार सुंदर पटे. हिरवळीच्या या टोकावरून त्या टोकाला चेंडू सापासारखा वळत जाऊन भोकात गुडूप होई. पण तोच चेंडू भोकापासून हातभर अंतरावर असला, एखाद्या बाळानेही रांगत जाऊन घालावा असा, की नंबरवाले वाकत, मान वरखाली करत आणि चेंडू भोकाच्या कडेने शेजाऱ्यासारखा बघत निघून जाई.

"तुम्हाला दोन काठ्या लागणार," डॉक्टर म्हणाले होते. "चष्म्याचं कसं असतं? जवळचा वेगळा, लांबचा वेगळा."

हे नंबरवाल्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितल्यामुळे लगेच पटलं. अडचण एकच होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी घरात सराव करताना कपाटाची काच फोडली होती, आणि तेव्हा नवरा-बायकोत तह झाला होता : घरात चेंडू नाही, काठी नाही, क्लबातला 'क'सुद्धा नाही. तो तह आजवर पाळला गेला होता.

आता फोन. नंबरवाले तो घेऊन लाकडी पडद्याच्या पलीकडे गेले. पलीकडचं ऐकू येत नाही असा त्यांचा समज होता. ताई अंधारात, नाकावर चौकट घेऊन, शिस्तीत बसून राहिल्या.

"हो, बोलतोय. काय सांगू, जवळचं अजिबात पटत नाही हो. लांबचं उत्तम पटतं, त्यात वाद नाही... छे छे, आहे ती टाकणार नाही. लग्नात आलेली आहे ती. तिला लांबच्यासाठी ठेवीन. जवळ मात्र नवी पाहिजे... डोक्याने जड? चालेल की. उलट बरं, इकडेतिकडे वळत नाही... मान? मान सरळ हवी, आहे तिची वाकडी आहे. आणि हाताशी शांत राहिली पाहिजे, ही फार थरथरते... घरी पाठवाल? मग दोन पाठवा. चार दिवस ठेवून बघतो. पटेल ती ठेवीन, दुसरी परत न्या... नाही, बायकोला बोललेलो नाही. तिला यातलं काही कळत नाही."

फोन खिशात टाकून ते परत आले. "हं, ताई. कुठे होतो आपण?"

"दुसरीवर," ताई म्हणाल्या.

"बरोबर. मग आधीची बरी की आताची?"

"आधीची!" ताई एवढ्या ठासून म्हणाल्या की चौकट नाकावरून घसरली. "आधीचीच. कितीही बदला."

नंबरवाल्यांनी जुना नंबर कायम केला आणि या वयात बाईंची नजर शाबूत असल्याबद्दल मनात समाधान मानलं.

बाहेर येऊन ताई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. "फ्रेमा दाखव," त्या बहिणीला हळूच म्हणाल्या. "आणि चेहरा बदलू नकोस, गिऱ्हाईक बघतंय. तुमचं दोघांचं पटतं ना गं?"

"म्हणजे काय? चाललंय की."

"'चाललंय' असं पेपरात लिहिलं असतंस तर मी भोपळा दिला असता." आणि ताईंनी ऐकलेलं सगळं, शुद्धलेखन घातल्यासारखं, विरामचिन्हांसह सांगितलं.

"डोक्याने जड?" बायको म्हणाली.

"चालेल म्हणाले."

"आणि मान सरळ."

तिने नकळत आपली मान सरळ केली. वर्षानुवर्षं चष्म्यांवर वाकून ती डावीकडे कलली होती. समोर अर्धवट पिळलेला स्क्रू होता. तो उचलायला गेली तर हात थरथरला. हल्ली थरथरायचा. आतापर्यंत तिला वाटत होतं, ते कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

"आणि मला यातलं काही कळत नाही, असंही म्हणाले?"

"शेवटचं वाक्य ते. त्यानंतर पूर्णविराम."

संध्याकाळी घरी बायको जेवायला वाढून समोर बसली. नंबरवाले जेवत होते.

"तुम्हाला मला काही सांगायचंय?" ती म्हणाली.

"छे. काय सांगायचं असणार?"

"नव्या कोणाबद्दल?"

नंबरवाल्यांचा घास हातात राहिला. काच फुटली तेव्हाचे तिचे डोळे त्यांना आठवले. "तुला कोणी सांगितलं?"

एवढं विचारणं म्हणजे कबुलीजबाबाखाली सही करणंच. गप्प बसलेल्या बायकोपुढे नवरा जास्त बोलतो, तसे नंबरवाले बोलत सुटले.

"अगं, मी सांगणारच होतो. म्हटलं आधी बघून घेऊ. नाही पटलं तर उगाच तुझ्या डोक्याला ताप कशाला?"

"किती विचार करता माझा."

"आणि तुला तिची अडचण होणार नाही. दाराच्या मागे उभी राहील, कोपऱ्यात. तुला दिसायचीसुद्धा नाही."

"दाराच्या मागे."

"फार तर रविवारी बाहेर काढीन."

बायको उठली आणि पानावरचं तसंच टाकून आत गेली. तह मोडल्याचा राग म्हणून नंबरवाल्यांनी ते समजून घेतलं आणि उरलेलं जेवण संपवलं. त्यानंतरचे दिवस तिने घरात आणि दुकानात एक शब्दही जास्तीचा खर्च केला नाही. शुक्रवारी दुपारी काउंटरवरचा फोन तिने उचलला. पलीकडून एक नम्र आवाज म्हणाला, "साहेबांना सांगाल का, त्यांनी सांगितलेल्या दोन्ही उद्या संध्याकाळी घेऊन येतोय."

तिने फोन ठेवला आणि वडिलांना लावला.

शनिवारी संध्याकाळी नंबरवाले घरी आले तेव्हा कोचावर ताई होत्या आणि त्यांच्या शेजारी अण्णा, म्हणजे सासरे. अण्णांची हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती, त्यामुळे न्यायाधीशांपेक्षा त्यांना कामकाज जास्त पाठ होतं. बायको खिडकीपाशी पाठ करून उभी होती. दारात एक सूटकेस भरून ठेवलेली होती. ती बघून नंबरवाल्यांना पहिल्यांदा वाटलं, की एका काठीपायी हे जरा जास्त होतंय.

"बसा, जावईबापू," अण्णा म्हणाले. "जे कानावर आलंय ते मान्य आहे?"

"मान्य आहे, अण्णा. पण एवढ्यासाठी तुम्हाला या वयात..."

"एवढ्यासाठी!" ताई म्हणाल्या.

"ताई, क्लबात सगळ्यांकडे दोन-दोन आहेत. डॉक्टरांकडे तर तीन."

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे?" ताईंची वर्षाची डोळ्यांची तपासणी याच डॉक्टरांकडे ठरली होती. त्यांनी ती तिथल्या तिथे मनात रद्द केली. "आणि त्यांच्या बायकोला चालतं?"

"त्याच तर पुसूनबिसून ठेवतात."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. "पहिलीचं काय करणार?"

"कायम राहणार. तिच्यावर माझा जीव आहे. पण खरं सांगू का अण्णा, जवळ आलं की तिच्याने होत नाही. दोष तिचा नाही. जुनी झाली."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या पाठीने एक श्वास घेतला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

अण्णा स्वतः उठले. दारात खेळाच्या दुकानाचा माणूस होता, काखेत पुठ्ठ्याचा लांबट खोका. "साहेबांच्या दोन्ही आणल्यात."

अण्णांनी त्याच्या खांद्यावरून जिन्यात बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कुठे आहेत?"

"ह्यात."

"ह्यात?" ताई किंचाळल्या.

त्या माणसाने खोका टेबलावर ठेवला, दोरी सोडली आणि कागदात गुंडाळलेल्या दोन काठ्या काढून अदबीने मांडल्या. "ही जड डोक्याची. ही जरा हलकी. दोन्हींची मान सरळ. चार दिवस वापरा, पटेल ती ठेवा." सगळ्यांचे चेहरे बघून तो पाणीही न मागता निघून गेला.

अण्णांनी एक काठी उचलून उलटीसुलटी करून बघितली. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. "ताई," ते म्हणाले, "साक्षीदार म्हणून तू बाद."

"मी शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता," ताई म्हणाल्या. "नाम वगळून बोलायची पद्धत यांची. व्याकरण चुकलंय ते यांचं."

काय समजलं गेलं होतं हे उमगायला नंबरवाल्यांना सगळ्यांत उशीर लागला. उमगलं तेव्हा तेही हसले, सुटल्यासारखे, आणि बायकोकडे वळले. ती हसत नव्हती.

"काठीबद्दल होतं, कळलं मला," ती म्हणाली. "पण चार दिवस मी ते शब्द घेऊन बसले होते. आणि त्यातला एकही मला खोटा वाटला नाही. जवळचं पटत नाही. लांबचं उत्तम. गिऱ्हाइकाला तीन-तीनदा विचारता, त्रास होतो का, टोचतं का. काठीची थरथर तुम्हाला दिसली. माझा हात थरथरतो ते कधी दिसलं?"

नंबरवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताई सूटकेसकडे बघायला लागल्या. सूटकेस होती तिथेच होती.

अण्णांनी घसा साफ केला. कामकाज अडलं की पुरावा मागायचा, हे त्यांना ठाऊक होतं. "जावईबापू, आणल्याच आहेत तर दाखवा तरी काय बिघडतं ते."

तह तात्पुरता उठवण्यात आला. पॅसेजमध्ये एक पेला आडवा ठेवला गेला. नंबरवाल्यांनी खोक्यात सोबत आलेला चेंडू हातभर अंतरावर ठेवला, जड डोक्याची काठी घेतली, वाकले, मान वर केली, खाली केली आणि ढकललं. चेंडू पेल्याच्या कडेने गेला. हलकी काठी घेतली. तेच. मग ते पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिथून मारलेला चेंडू टुणकन पेल्यात शिरला.

"कमाल आहे!" अण्णा म्हणाले.

बायको काठीकडे नव्हे, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. "अहो, मान अशी वरखाली का करता?"

"चेंडू उडी मारतो," नंबरवाले बोलून गेले.

"चेंडू की भिंगाची रेघ?" ती जवळ आली. त्यांच्या चष्म्याच्या मधोमध ती रेघ होती, वर लांबचं, खाली जवळचं. "तुमचा नंबर शेवटचा कधी तपासला?"

नंबरवाले आठवू लागले. साऱ्या गावाचे नंबर त्यांनी काढले होते. त्यांना खुर्चीत कोण बसवणार?

"काठ्यांचा काही दोष नाही," बायको म्हणाली. "उद्या गोल्फ राहू द्या. दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत या."

सूटकेस त्या रात्री तिथेच राहिली. भरलेली.

सकाळी नंबरवाले त्याच खुर्चीत बसले. नाकावर जड चौकट, समोर उजळलेला तक्ता. बायकोने एक काच घातली, काढली, दुसरी घातली. दुसरीतून तक्त्याची शेवटची ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी स्वच्छ झाली. मग त्यांनी नजर खाली घेतली. काच धरलेला हात दिसला, आणि त्याची थरथर दिसली. डावीकडे कललेली मान दिसली. कितीतरी दिवसांत एवढं जवळचं एवढं स्पष्ट त्यांना दिसलं नव्हतं.

"आधीची बरी की आताची?" तिने विचारलं.

ती थांबली होती. घरी दाराशी सूटकेसही थांबली होती.

"आधीची," नंबरवाले म्हणाले.

"नीट बघून सांगा."

"नीट बघूनच सांगतोय. आधीचीच. कितीही बदल."

तिने आवाज ऐकला. एवढ्या वर्षांत खोटं बोलणाऱ्याचा आवाज तिलाही ओळखू यायला लागला होता. तिने नवी काच काढली, फडक्याने पुसली आणि जागच्या जागी ठेवून दिली.

"बरं," ती म्हणाली. "मग जुनाच नंबर कायम."

सूटकेस दुपारी रिकामी झाली. दोन्ही काठ्या सोमवारी परत गेल्या. बारीक स्क्रू हल्ली नंबरवाले स्वतः पिळतात. दिसत नाहीत, पण पिळतात.

पुढच्या रविवारी हिरवळीवर डॉक्टरांनी विचारलं, "काय हो, नवी कुठे आहे?"

"परत पाठवली. आधीचीच बरी."

चेंडू भोकापासून हातभर होता. नंबरवाले वाकले, मान वर केली, खाली केली आणि ढकललं. चेंडूने भोकाला सावकाश वळसा घातला आणि पुढे निघून गेला.

"नाही पटलं," डॉक्टर म्हणाले.

"इथे नाही," नंबरवाले म्हणाले, आणि चेंडू आणायला गेले.