दोन वाटांचा धोटे

पुण्याजवळच्या चांदे गावातल्या आमच्या चाळीत नळाला पाणी आलं की सासूबाई ओट्यावरून एकच हाक मारायच्या आणि आठही खोल्यांचे हंडे बाहेर यायचे. धोटे भाड्याने राहायला आला आणि त्याने ती हाक बंद पाडली.

"काकू, आजींचा घसा बसला तर? सगळी चाळ कोरडी!"

"तुजी जीभ बसंल मेल्या," सासूबाई म्हणाल्या.

त्याने प्रत्येक दारावर चिठ्ठी चिकटवली: पाणी आलं की कोणत्या दोन खोल्यांना सांगायचं. बाकीच्यांची चिंता करायची नाही. पहिल्या दिवशी तीन नंबरने पाचला सांगितलं, पाचने तीनला, आणि पाणी जाईपर्यंत दोघी एकमेकींनाच सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी खाली नवी ओळ आली: 'आपलीच बातमी परत आणणाऱ्यास हाकलावे.' त्यानंतर मात्र सगळे हंडे वेळेवर भरू लागले, हे कबूल करते.

हिंजवडीच्या कंपनीत त्याचं कामच ते. हजारो संगणक, मुख्य कोणी नाही. प्रत्येकाने चार शेजारी ओळखायचे आणि निरोप पुढे सरकवायचा. एखादा बंद पडला तर दुसरी वाट हवीच. या 'तर'ने त्याला पोखरलं होतं. आंघोळीला जातानाही तो दोन बादल्या न्यायचा.

दर रविवारी तो आमच्या फोनवरून वाशीमकडच्या आपल्या गावी, गिरणीवाल्याला फोन करी. "बाबा दळण घेऊन आले होते का? कसे दिसले?" मास्तरकी सोडून हा पुण्याला आला, तेव्हापासून बाप बोलत नव्हता.

एका रविवारी गिरणीत कोणी फोन उचलेना. सोमवारीही नाही. बुधवारी धोटे कामावर गेलाच नाही. आमच्या फोनजवळ बसून राहिला. पुढ्यातला चहा गार.

"दुसरी वाट कुटं हाय तुजी?" मी विचारलं.

आख्ख्या चाळीला दोन वाटा देणाऱ्याने बापाकडे जायला एकच ठेवली होती.

"घरी फोन न्हाई व्हय?"

"आहे ना, काकू. पण उचलला आन् बोललेच नाही तर?"

मी नंबर मागून घेतला, लावला, रिसीव्हर त्याच्या कानाशी नेला. तो हातात घेईना, म्हणून मलाच धरून उभं राहावं लागलं. पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं.

"कोण?"

"मी... गिरणी बंद आहे का, बाबा?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"गिरणीवाला लेकीकडे गेला," म्हातारा म्हणाला. "आठ रोज झाले. तुझी खबर मले कोण सांगन?"

मी रिसीव्हर सोडला. आता तो धोटेने दोन्ही हातांनी धरला होता.