निगड्यांची लग्नातली गैरहजेरी

पारडगावात लग्नाच्या फोटोत जो दिसत नाही, तो त्या लग्नाला आलाच नव्हता असं धरतात. नगरपरिषदेचा तसा नियम आहे. महिन्याभरात अल्बम हजेरी कक्षात नेऊन द्यायचा, तिथे एकेका चेहऱ्याची हजेरी लागते आणि शेवटच्या पानावर शिक्का बसतो. घोरपड्यांच्या लग्नात बाहेरगावचा फोटोग्राफर होता. नवरीचा सख्खा मामा ऐन वेळी शिंकायला खाली वाकला आणि त्याचं मामापण गेलं ते गेलंच. उलट काटकरांच्या मांडवात शिरलेला मोकाट बैल ग्रुप फोटोत झकास आला होता. तो मुलीकडचा म्हणून नोंदला गेला आणि दर दिवाळीला त्याला रीतसर आहेर जातो.

अशा गावात फोटो काढणं म्हणजे जोखमीचं काम, आणि ते रमाकांत निगडे तीस वर्षं करत होते. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना ते चुलीसमोरून उठवून उभं करत. रुसून जानवसघरात बसलेल्या आत्यांचा ते खिडकीतून फोटो घेत. त्यांच्या हातून कधी कुणी सुटलं नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

पंचविसाव्या वर्षी शिक्का नवा करून घ्यावा लागतो. म्हणून एका सोमवारी निगडे आणि त्यांची बायको कालिंदी आपला अल्बम घेऊन हजेरी कक्षात गेले. तिथल्या काकडे मॅडमनी अल्बम शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"नवरदेव कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हा काय मी," निगडे म्हणाले.

"इथे आहात. यात कुठे आहात?"

निगड्यांनी अल्बम आपल्याकडे वळवला. कालिंदी हळद लावलेली होती, कालिंदी पाटावर होती, कालिंदी होमाशी होती. शेजारी प्रत्येक वेळी रिकामी जागा. त्यांना आठवलं. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला त्यांचा जीव धजला नव्हता. त्या दिवशी उजेडही वाईट होता. सगळे फोटो त्यांनी स्वतःच काढले होते. तेव्हाच्या कारकुनाने निगडे म्हणताहेत तर असतील, असं म्हणून शिक्का मारून दिला होता.

एका फोटोत मात्र कालिंदीचा हात धरलेला एक उजवा हात मनगटापर्यंत दिसत होता. निगड्यांनी तेव्हा कॅमेऱ्याची खालची बाजू वर करून डाव्या हाताने बटण दाबलं होतं. काकडे मॅडमनी भिंगातून तो हात पाहिला, निगड्यांचा हात टेबलावर ठेवून घेतला आणि अंगठ्याजवळचा तीळ जुळवला. उजव्या हाताचं लग्न झालेलं आहे, असा निर्णय त्यांनी दिला. बाकीच्या निगड्यांचं झालेलं नाही. ते नव्याने करायचं असेल तर पंधरा दिवसांत अर्ज करावा. वधूचं म्हणणं मात्र वेगळ्या कागदावर लागेल, कारण तिच्यावर कसलंही बंधन उरलेलं नाही.

निगडे तिथल्या तिथे सही करायला निघाले होते. कालिंदीने तिचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचार करून सांगते म्हणाली.

त्या दिवसापासून निगडे घराखालच्या स्टुडिओत राहू लागले. परक्या बाईच्या घरात राहणं बरं दिसलं नसतं. कालिंदीने कुठल्याही गोष्टीत कसर केली नाही. सकाळी ती जिन्यावरून चहा आणायची आणि त्यांच्या उजव्या हातात द्यायची. हाताला ती एकदा "भाजलं का हो?" असंही म्हणाली. निगड्यांना स्वतःला ती काही म्हणत नसे. तिला आता अगं म्हणावं की अहो, हेही त्यांना ठरवता येईना. तिच्या भावाकडे दोन स्थळं चौकशी करून गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्यातलं एक पोस्टातून निवृत्त झालेलं आणि निर्व्यसनी होतं.

निगडे खरोखरच घाबरले. पंचवीस वर्षांत ही बाई नाही म्हणू शकते, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आता दुसरं काही मनात येत नव्हतं.

बाराव्या दिवशी कालिंदी अल्बम घेऊन खाली आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"मी रोज बघतेय हा," ती म्हणाली. "प्रत्येक फोटोत मी तुमच्याकडे बघतेय. तुम्ही उजेड बघत होता."

उजेड खरंच वाईट होता, हे निगड्यांना सांगायचं होतं.

"मला राग नाही. पण मला एकटं वाटलं होतं. पुढेही पुष्कळदा वाटलं." मग तिने घडी केलेला कागद काढला. लग्नाला तिची तयारी होती. अट एकच होती, फोटो ती काढणार.

"मग तू त्यात येणार नाहीस," निगडे म्हणाले. तोंडातून अगं-तुगं निघून गेलंच.

"मी जुन्यात आहे. हवी तेवढी आहे."

लग्न पुढच्या शुक्रवारी सकाळी स्टुडिओतच झालं. भटजी, तिचा भाऊ आणि शेजारचे शिंपी, एवढीच माणसं. कालिंदी हिरव्या लुगड्यात होती आणि गळ्यात कॅमेरा होता. तिने बटण कुठलं एवढंच विचारलं. उजेडाचं निगडे सांगायला गेले, तर ती म्हणाली, तुम्ही उभे राहा.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. समोर बायकोचं तोंड नव्हतं. काळी काच होती, तिच्यामागे एक मिटलेला डोळा होता. निगड्यांनी हजारो नवऱ्यांना हसा म्हणून सांगितलं होतं. त्यांना आता हसता येईना, आणि हातांचं काय करावं ते कळेना. ती बाई आपल्याकडे बघतेय की आपल्या मागच्या पडद्याकडे, हेही समजायला मार्ग नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी ही अशीच दिवसभर उभी होती, हे त्यांना तिथे पाटावर समजलं. त्यांचे डोळे भरून आले. कालिंदीने बटण दाबलं.

फोटो वाकडे आले. दोन हलले होते, एकात छतावरची पाल जास्त स्पष्ट होती. पण प्रत्येकात निगडे होते, आणि कॅमेऱ्याकडेच बघत होते.

सोमवारी काकडे मॅडमनी दोन्ही अल्बम शेजारी शेजारी उघडले. वधूची हजेरी एकात पूर्ण होती, वराची दुसऱ्यात. दोन्ही धरून लग्न एकच, याला नियमाची हरकत नव्हती. फक्त वर पंचवीस वर्षं उशिरा पोचल्यामुळे विलंबाच्या कारणाचा रकाना भरावा लागणार होता, आणि तोही वराच्या अक्षरात.

निगड्यांनी पेन घेतलं. आधी ते खिडकीकडे बघत बसले, मग कालिंदीकडे. मग त्यांनी लिहिलं, 'मी बघत नव्हतो.'

काकडे मॅडमनी ते वाचलं. या रकान्यात बहुतेक जण हेच लिहितात, असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.