दळवीच्या हातातला चिमटा

दळवी मटणाशी बोलतो. माणसांशी त्याचं फारसं जमत नाही.

"पुढं सरका, पुढं सरका. दाराशी गर्दी नको," असं कोकराच्या मटणाच्या तुकड्यांना सांगतो आणि चिमट्याने त्यांना वर ढकलतो. सगळा जन्म इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत बस चालवली. नोकरी सुटली, पॅसेंजर सुटले नाहीत.

दर गुरुवारी दुपारी हा मला एका जपानी हॉटेलात नेतो. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर कढई उपडी घातल्यासारखा लोखंडी तवा. मटण टेकाडावर, कांदा-कोबी खाली कडेला. चरबी ओघळून भाजीत उतरते. कोबीला दळवी उभे पॅसेंजर म्हणतो. जपानच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात असंच खातात म्हणे. मटण अगदी कोरं येतं, मीठसुद्धा नाही. वाटीतल्या काळ्या रश्शात बुडवून खायचं.

पहिल्यांदा मी म्हणालो, "हॉटेलात येऊन रांधायचं आपणच?"

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."

चिमटा तो कुणाला देत नाही. वाढणारी पोरगी एकदा तुकडा उलटायला आली, तर याने हात आडवा करून ट्रॅफिक थांबवला. ती आता आम्हाला बघून "पुढं सरका" म्हणते. तिला वाटतं, मराठीत नमस्कार असाच करतात.

माझी कुसुम मागच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून मी घरचा गॅस पेटवला नाही. ब्रेड खातो. तोही पुष्कळदा राहतो. पँटला दोरी बांधायची वेळ आली. क्रॉयडनहून मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, जेवलात का?" मी हो म्हणतो. त्याचं समाधान होतं.

दळवीचं झालं नाही. एक दिवस दारात उभा. "अण्णा, कोट घाला. एकट्याला ते जपानी हॉटेलवाले शेगडी पेटवून देत नाहीत. माझी अडचण होते."

त्याने लग्न केलं नाही. रविवारी आमच्याकडे जेवायचा. आधीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. कुसुम पातेल्यातला एक तुकडा त्याच्या हातावर ठेवायची. "भावजी, मीठ बघा." हा तोंड भाजत चावायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे."

परवाच्या गुरुवारी शेजारच्या टेबलावर एक गोरा एकटाच बसला होता. समोर शेगडी ढणढण पेटलेली.

"दळवी, त्या एकट्याला दिली की रे."

त्याने तिकडे बघितलंही नाही. "ओळख असेल त्याची."

जरा वेळाने त्याने चिमटा माझ्यासमोर ठेवला. "आज तुम्ही चालवा."

"मला लायसन नाही."

"वहिनी गेल्यापासून गाडी डेपोतच उभी आहे, अण्णा. काढा बाहेर."

काढली. एक तुकडा तव्याला चिकटला, एक कोबीत घसरला. तिसरा एका बाजूने काळा झाला, तो उचलून त्याच्या बशीत ठेवला. तोंडातून आपोआप निघालं, "मीठ बघा."

दळवीचे दोन्ही हात मांडीवर होते. मग त्याने तुकडा उचलला, बोटांनीच. वाटीत बुडवला नाही. खिडकीकडे बघत कितीतरी वेळ चावत राहिला.

"बरोबर आहे," म्हणाला, आणि बशी पुढं सरकवली.