जंतूंना मानवलेली गोळी

सूनबाईंनी सासऱ्यांच्या बाटलीतून कोलेस्टेरॉलच्या दहा गोळ्या काढून घेतल्या, तेव्हा सासऱ्यांना एकदम ठसका लागला.

"अगं, माझं औषध कुठे नेतेस?"

"प्रयोगशाळेत, बाबा. आम्ही मागवलेली पावडर वाटेतच अडकलीय. ह्या औषधाने छातीतले जंतू मरतात का, ते बघायचंय. शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही, तर साहेब प्रयोगच गुंडाळणार."

सूनबाईंची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती. सासरे काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तिथेच चुकलं.

बुधवारी सूनबाईंनी गोळ्या कुटल्या, जंतू पसरलेल्या काचेच्या ताटल्यांत त्यांची पूड ठेवली आणि ताटल्या उबेला लावल्या. औषध लागू पडलं, तर पुडीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं. गुरुवारी सकाळी बघतात तर वर्तुळ नाहीच, वर जंतू चांगले बाळसं धरून बसलेले!

साहेब वाकून बघत म्हणाले, "मानवलंय हो त्यांना तुमचं औषध."

सूनबाईंना रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात खलबत्ता धुवायला घेतलेल्या मदतनीस मावशी ओरडल्या, "अहो मॅडम, ह्याला मुंग्या लागल्यात!"

कोलेस्टेरॉलच्या गोळीला मुंग्या? सूनबाई तडक घरी आल्या.

"बाबा, खरं सांगा. गोळ्या कसल्या होत्या?"

"साखरेच्या," सासरे पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "मला काही होत नसताना कशाला घ्यायचं औषध? पण तुझ्या सासूला सांगू नकोस हं."

सासूबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. "तरीच! रिपोर्ट खाली का येईना म्हणून डॉक्टर चार महिने डोकं खाजवतायत!"

बंद पडलेल्या रेडिओच्या पोटातून डबा निघाला. खऱ्या गोळ्या, एकशे बारा! त्यातल्या दहा घेऊन सूनबाई पळत सुटल्या.

शुक्रवारी ताटलीत पुडीभोवती वर्तुळ उमटलं. लहानसं, पण स्वच्छ. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "चालू ठेवा."

"वर्तुळ आलं, बाबा!" सूनबाईंनी दारातूनच सांगितलं. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

सासरे ताडकन उठले, डब्यातली खरी गोळी काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"अहो बाबा, हे अजून फक्त काचेच्या ताटलीतलं आहे. माणसाच्या छातीतल्या जंतूंवर चालेल असं नाही."

"असू दे. माझ्या सुनेचं औषध आहे!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चार महिने मी कानीकपाळी ओरडले, तर ऐकलं नाही. जंतूंनी सांगितलेलं बरं पटलं!"